जुनं आधी

१

ठाकुर्ली पूर्वेच्या त्या जुन्या इमारतीत कुणाचं काही मोडलं की तो पोपटरावांकडे येई, आणि कुणाला काही टाकून द्यायचं असलं तरी तो पोपटरावांकडेच येई. पहिल्याचं काम होई, दुसऱ्याचं घर रिकामं होई. मग भरे कुणाचं, ते मालनबाईंना विचारावं. माळा भरलेला, पलंगाखालची जागा भरलेली, आणि ग्रिल लावून बंद केलेल्या गॅलरीत तर पोपटरावांचं वर्कशॉपच होतं. तिथे एक फळी, वस्तू आवळून धरायचा शेगडा आणि स्क्रू ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस रिटायर झाला म्हणून हात बांधून थोडाच बसणार?

त्यांच्या घरातलं देवघर जुन्या टीव्हीच्या शोकेसचं होतं, शोकेस आधीच्या पलंगाची होती, आणि पलंग मुळात कशाचा होता ते आता खुद्द पोपटरावांनाही आठवत नसे. मालनबाई वरवर कपाळावर हात मारून घेत, पण त्याही त्याच गाडीतल्या. त्यांची साडी जुनी झाली की तिचे उशीचे अभ्रे होत, अभ्रे विरले की पायपुसणी, आणि पायपुसणी विरली की काकडे. तांदूळ धुतलेलं पाणी खिडकीतल्या मोगऱ्याला जाई, लिंबाची सालं भांड्यांना. डब्यात नवे तांदूळ भरायचे तर आधी तळाचे जुने काढून वर ठेवायचे. जुनं आधी वापरायचं, नवं राखून ठेवायचं. हा त्यांच्या स्वयंपाकघराचा कायदा पोपटरावांनी पुढे आपल्या गॅलरीतही लागू केला.

तिथला दुसरा कायदा फुलीचा. कंपनीत बाद झालेल्या जॉबवर, म्हणजे घडवायला घेतलेल्या भागावर, खूण करायची पद्धत होती, तीच त्यांनी घरी आणली. कानावर सुतारी चपटी पेन्सिल कायम, बाहेरून लाल, आत काळं शिसं. जी वस्तू आता चालणार नाही तिच्यावर त्या पेन्सिलीने फुली मारायची. फुली मारली म्हणजे ती वस्तू मेली, तिचे भाग जिवंत. मग तिचा कुठलाही भाग काढायला कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि मारलेली फुली पुसायची नाही. दोन वस्तूंवर फुली असेल तर जी जुनी तिचा भाग आधी काढायचा, नवीला हात लावायचा नाही.

काम करताना पोपटराव वर बघत नसत. नुसता हात मागे करत, तळवा वर. मालनबाई त्या वेळी डाळ निवडत असोत की फोनवर असोत, त्या हातात पक्कड हवी की पेचकस, हे त्यांना न विचारता कळे. लग्न झाल्यापासून त्या तो हात भरत आल्या होत्या. बाहेरच्यांना यात काही दिसलं नसतं. मालनबाईंना मात्र संसार म्हटलं की तो मागे केलेला तळवाच डोळ्यांसमोर येई, आणि आपलं बरं चाललंय असं वाटे.

२

संक्रांतीच्या सुमारास पोपटरावांना जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदयातला एक वॉल्व्ह ताठ झालाय म्हणाले. पुढेमागे ऑपरेशन करावं लागेल, तोवर गोळ्या घ्या, स्टुलावर चढू नका, ओझं उचलू नका, हातोडा तर अजिबात नको. सोबत आलेल्या मालनबाईंनाही त्यांनी लगे हात तपासलं. "मावशी, तुमचं हृदय ठणठणीत. गुडघे तेवढे सांभाळा."

"वॉल्व्हच ना?" जिना उतरताना पोपटराव म्हणाले. "जन्मभर तेच बदलले मी. चालतंय तोवर मशीन उघडायची नाही."

"तुम्ही मशीन नाही आहात," मालनबाई म्हणाल्या, आणि घरी आल्या आल्या त्यांनी गॅलरीच्या दाराला कडी घातली.

गॅलरीत कामं तशीच पडून राहिली. मिक्सर तर ऐन वेळेला गेला. खालचा दातेरी रबरी तुकडा झिजला होता, मोटर फिरे पण भांडं फिरेना. मालनबाईंनी पाट्यावर चटणी वाटली, मनातल्या मनात बडबडल्या आणि जेवून आडव्या झाल्या. दुपारी घराचा तो रिवाजच होता. खाली चटई, बाजूला पोपटराव, वर पंखा. डोळा लागता लागता त्यांना कुठेतरी टिक्, टिक् असं ऐकू आलं. स्क्रू काढून पत्र्याच्या झाकणात टाकताना येतो तसा आवाज. वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी करत असेल, असं म्हणून त्या कुशीवर वळल्या.

चहाच्या वेळी मिक्सर चालू झाला होता.

"केलात ना शेवटी? सांगितलेलं ना नाही करायचं म्हणून?"

"मी कुठे केला? मी तर झोपलेलो."

"मग काय भुताने केला?"

पोपटरावांनी मिक्सर उलटा केला. दातेरी तुकडा माळ्यावरच्या जुन्या मिक्सरचा होता. त्या मिक्सरवर त्यांनीच केव्हातरी फुली मारली होती. तुकडा बसवायची पद्धत त्यांचीच, खाली सायकलच्या ट्यूबची चकती घालून. ते कौतुकाने बघत राहिले. "काम मात्र चोख झालंय हं," ते म्हणाले.

३

माणसाला झोपेत चालायची खोड असते, तशी ह्यांना झोपेत रिपेअरिंगची लागली असेल. मालनबाईंनी स्वतःची अशी समजूत घातली. पण माळा उंच, स्टूल जड, आणि या माणसाला तर दोन पायऱ्या चढून दम लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, न्हाणीघरातला नळ गळत असताना, त्यांनी पदराचं टोक नवऱ्याच्या मनगटाला बांधून ठेवलं.

"हे काय आता? या वयात?" पोपटराव खूश होऊन म्हणाले.

"गप झोपा."

उठल्या तेव्हा गाठ जशीच्या तशी होती, पोपटराव घोरत होते, आणि नळ गळायचा थांबला होता. गॅलरीतल्या एका तुटक्या चपलेवर फुली होती. तिच्या टाचेतून नळाच्या चकतीएवढा गोल तुकडा कुणीतरी सफाईने कापून घेतला होता.

खरं सांगायचं तर भीती वाटायला हवी तेवढी वाटली नाही. घर कुरकुरायचं थांबलं. पंख्याची घरघर गेली, दाराची बिजागरी बोलायची बंद झाली. आपल्या घरात कुणीतरी राबतंय आणि आपल्याला एका पैची तोशीस नाही, यावर काटकसरीची बाई किती दिवस तक्रार करणार? पोपटरावांच्या जिवाला आराम मिळत होता, तो वेगळाच.

मात्र दोन गोष्टी मालनबाईंच्या मनात टोचत राहिल्या. एकदा नवऱ्याच्या ट्रान्झिस्टरची खरखर असह्य होऊन त्यांनी रागारागाने त्याच्यावर फुली मारली. पोपटरावांनी केवढा आरडाओरडा केला, लगेच ओल्या फडक्याने फुली पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कित्येक महिने मुकी असलेली दारावरची बेल खणखणीत वाजली, आणि ट्रान्झिस्टरच्या पोटात स्पीकर नव्हता. दुसरी गोष्ट इस्त्रीची. फुली मारलेली एक इस्त्री त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सरोजला देऊन टाकली होती, तिच्याकडचा धम्मपाल नावाचा भाडेकरू असल्या वस्तू जमवायचा म्हणून. आठवड्याभरात सरोज वर आली.

"काकू, इस्त्रीला वायरच नाही की हो. काल होती. आमच्याकडे कोण काढणार?"

वायर मालनबाईंच्या टेबलफॅनला लागली होती. मधे एक मजला, दोन कुलपं आणि सरोजची सासू. म्हणजे पुसून उपयोग नव्हता आणि घराबाहेर धाडूनही नव्हता. एकदा फुली म्हणजे फुली. मालनबाईंनी सरोजला चहा पाजला आणि वायरीबद्दल काही बोलल्या नाहीत.

४

पुढचं मात्र त्यांच्याच हातून झालं, आणि तेही चेष्टेत.

मालनबाईंचा उजवा गुडघा बरीच वर्षं दुखत होता. त्या दिवशी चोळेगावाकडून भाजी घेऊन आल्या तर जिना चढवेना. कठड्याला धरून, एकेका पायरीला देवाचं नाव घेत कशाबशा वर आल्या. बघतात तर पोपटराव अर्ध्या चड्डीत चटईवर पाय ताणून पडलेले, पंखा फुल, चेहरा समाधानी. मालनबाईंना रागही आला आणि हसूही.

"मी इथे मरतेय आणि ह्यांचे गुडघे बघा, पडून आहेत नुसते. कुठे चालायचं नाही, कुठे चढायचं नाही. आणा इकडे." असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठळक फुली मारली.

पोपटराव गुदगुल्या झाल्यासारखे हसले. "ने गं बाई, ने. तुझंच आहे सगळं."

दोघं हसली, जेवली, आडवी झाली. झोपेत मालनबाईंना टिक्, टिक् ऐकू आलं. या वेळी वरच्या मजल्यावरून नाही. पायाशी.

जाग आली तेव्हा गुडघ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. त्या उठल्या. उठताना जमिनीला हात टेकवावा लागला नाही, हे त्यांना ओट्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं. त्या तिथेच उकिडव्या बसल्या, उठल्या, परत बसल्या. मग दार उघडून जिना उतरल्या आणि चढल्या. लग्नाच्या वेळी चढल्या असत्या तशा चढल्या. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बघा तरी!" म्हणत त्या आत आल्या.

पोपटराव भिंतीला धरून उभे होते. उजवा पाय अर्धवट वाकलेला.

"जरा अवघडलाय," ते म्हणाले. "झोपेत वेडावाकडा राहिला असेल."

मालनबाईंनी ओल्या फडक्याने ती फुली पुसली. मग साबणाने घासली. काळपट रेघा गेल्या, पण कातडीवर शिशाचा दाब उमटावा तसे दोन चरे राहिले ते राहिलेच. त्यांनी ऑइंटमेंट आणलं, शेक दिला, आणि सबंध संध्याकाळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू शकल्या नाहीत. पोपटरावांनीच शेवटी विषय संपवला.

"अगं, पडूनच होता. मला कुठे पळायचंय? तुझा चालू झाला ना, मग झालं की."

पण त्या दिवशी पेन्सिल त्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून टाकली. पोपटरावांना हरवली म्हणून सांगितलं. दुपारचे आवाज थांबले नाहीत, कारण फुल्या मारलेल्या वस्तू घरात पुष्कळ होत्या. नवी फुली मात्र पडत नव्हती, आणि तेवढ्यावर मालनबाई निर्धास्त राहिल्या. सकाळी लंगडणाऱ्या नवऱ्याला हात देऊन त्या मोगऱ्याला पाणी घालत, दोघं मिळून फुलं वेचत असत. दिवस चांगले चालले होते.

५

मे महिन्यात नात राहायला आली. मुलगा ऋतुराज आणि सून प्राची ठाण्यात कोपरीला राहत, दोघंही नोकरीवर, म्हणून शाळेला सुट्टी लागली की सान्वी आजीआजोबांकडे. पोर गोड, बोलघेवडी, आणि सगळ्या घरात आजोबांवर तिचा जीव.

आजीला मदत म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. मालनबाई सवयीने तळाचे जुने तांदूळ वर काढत होत्या, आणि बोलण्याच्या नादात विसरल्या.

"आजी, हे बघ! भातात पेन्सिल!"

"अरेच्चा, इथे होय!" पोपटरावांनी ती झटकून कानावर ठेवली. मालनबाईंकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

मग गॅलरी उघडली गेली. हातोडा नाही, स्टूल नाही, नुसतं दाखवायचं, असं कबूल करून. आजोबांनी नातीला पक्कड दाखवली, डबा दाखवला, आणि सगळे कायदे शिकवले. सान्वीला ते फार आवडले. ती घरभर फिरून "आजोबा, ह्याला फुली?" विचारत होती. तुटकी पट्टी, बंद घड्याळ, एक डोळा गेलेली बाहुली.

"वस्तूंवरच काढायची हं," मालनबाई घाईघाईने म्हणाल्या. "माणसांवर नाही काढायची."

"माणसांवर काढली तर?"

"नाही काढायची म्हटलं ना."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे आपण बोलायला नको होतं. पोरीच्या डोक्यात नव्हतं ते आपणच घातलं. पण सान्वी बाहुलीचं झबलं काढण्यात गुंतली होती. मालनबाई आत कढी उकळायला गेल्या.

त्याच संध्याकाळी ऋतुराजचा फोन आला, आणि स्पीकरवर बोलताना नेहमीचा वाद झाला.

"आई, पप्पांना आता ॲडमिट करूया. रिपोर्ट बघितलास ना तू? ते डॉक्टर काय बोलले?"

"ते ऐकतात का माझं? चालतंय तोवर चालू दे म्हणतात."

"चालणार नाय ना पण! वॉल्व्ह गेला तर काय करणार आपण?"

फोन ठेवल्यावर सान्वीने विचारलं, "आजोबांचा काय खराब झालाय?"

"वॉल्व्ह," पोपटराव हसून म्हणाले. "इथे असतो, आत." त्यांनी छातीच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं.

"मग माळ्यावर दुसरा नाही?"

"सगळं आहे बघ माळ्यावर, तेवढा एकच नाही."

सान्वी विचार करत राहिली. आजोबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली तरी हसली नाही.

६

दुसऱ्या दिवशी जेवायला आमरस होता. पोरीने अर्धा खाल्ला आणि अर्धा अंगावर सांडला. मालनबाई तिला न्हाणीघरात घेऊन गेल्या, फ्रॉक डोक्यातून काढला, आणि त्यांचा हात तसाच वर राहिला.

तिच्या छातीवर, जरा डावीकडे, लाल पेन्सिलीच्या काळ्या शिशाची फुली होती. दोन रेघा अगदी नीट काढलेल्या, पट्टी लावून काढाव्यात तशा.

"ही कुणी काढली?"

"मीच." सान्वीचा चेहरा उजळला. "आजी, माझा नवीन आहे ना! आजोबांना लावायचा. मग ते स्टुलावर पण चढतील."

मालनबाईंनी पाणी घेतलं. साबण घेतला, डाळीचं पीठ घेतलं, खोबरेल घेतलं. पोर "आई गं, लागतंय" म्हणेपर्यंत चोळलं. रेघा गेल्या. कोवळ्या कातडीवर दोन बारीक चरे राहिले, एकमेकांना छेदणारे.

त्यांनी तिला कोरडं केलं, कपडे घातले, आणि फोन लावला. ऋतुराज मीटिंगमध्ये होता. "संध्याकाळी येतो ना आई, काय झालंय?" काही नाही, पोरीला घेऊन जा, एवढंच त्या म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच सरोजची इस्त्री त्यांना आठवली. कोपरी काय आणि खालचा मजला काय.

हा सगळा आपल्या मनाचा खेळ असेल, असंही त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. म्हातारपणी माणसाला काहीबाही वाटतं. गुडघा कधीकधी आपोआप बरा होतो, दुसऱ्याचा आपोआप धरतो. मिक्सरचं काय, नळाचं काय, एखादा माणूस करतो आणि विसरतो. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त पणाला लागली होती ती सान्वी. गुडघा गेला तर माणूस लंगडतो. हे गेलं तर पोरीत काय उरेल?

बाहेरच्या खोलीत पोपटराव आडवे झाले होते. ओठ जरा निळसर, श्वास वर वर. मालनबाईंनी इतके दिवस कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट स्वतःपाशी कबूल केली. दुपारच्या त्या कारागिराने इतकं सगळं दुरुस्त केलं, एक दिवस हेही करावं, असं त्यांनी रोज देवापुढे मागितलं होतं. भाग कुठून यावा, हे मात्र मागताना बोलल्या नव्हत्या.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू होती. झोपायची वेळ झाली होती. आणि मग अगदी रोजच्यासारखं, डबा भरताना सुचावं तसं, त्यांना सुचलं. इतकं साधं होतं की त्यांना हसू आलं.

त्यांनी आधी ओटा आवरला. फ्रिजमधली कालची भाजी पुढे आणून ठेवली, आजची मागे. दूध तापवून झाकलं. मोगऱ्याला तांदळाचं पाणी घातलं. पोपटरावांच्या संध्याकाळच्या गोळ्या वाटीत काढून वाटी त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली, म्हणजे शोधावी लागायला नको. मग सान्वीला भिंतीकडेला निजवलं, थोपटलं, तिचा डोळा लागेपर्यंत थांबल्या. नवऱ्याच्या कानावरची पेन्सिल हलक्या हाताने काढली. ते झोपेतच म्हणाले, "काय गं?"

"काही नाही. झोपा."

ब्लाउजची वरची हुकं सोडून त्यांनी आरशात न बघता छातीवर, जरा डावीकडे, फुली मारली. ठळक मारली. सान्वीची होती त्यापेक्षा दुप्पट मोठी. मग दोघांच्या मधे जाऊन पडल्या. पेन्सिल मुठीतच राहिली.

पंखा फिरत होता. आवाज न करता फिरत होता, किती छान दुरुस्त झाला होता. एका कुशीला नातीच्या केसांना आमरसाचा वास, दुसऱ्या कुशीला नवऱ्याचा जड श्वास. मालनबाईंना खरंच फार बरं वाटत होतं. भीती होती, पण ती घरातल्याच माणसासारखी एका बाजूला बसून होती.

गॅलरीची कडी निघाल्याचा आवाज आला. पत्र्याचा डबा उघडला गेला. टिक्.

या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. गॅलरीच्या पडद्याआड, उन्हात, कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं. पाठीवर बनियन, उजव्या खांद्याला पोपटरावांच्या बनियनला असतं तसं ठिगळ. ते ठिगळ मालनबाईंनीच लावलेलं. त्यांनी मान वळवली. पोपटराव शेजारीच होते, झोपलेले, त्याच बनियनमध्ये, त्याच ठिगळासकट. त्यांनी परत पडद्याकडे पाहिलं तर तिथे फक्त ऊन होतं.

फळी करकरली नाही, पाऊल वाजलं नाही. पण तेलाचा वास आधी सान्वीच्या बाजूला आला. पोर झोपेत किंचित कण्हली, हात हलवून परत सैल झाली. तिच्या अंगावरची चादर कुणीतरी अगदी हळू, काम सुरू करण्याआधी वस्तूवरची धूळ पुसावी तशी, बाजूला केली.

"अहो," मालनबाई हळूच म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चादर थांबली. वाट पाहावी इतका वेळ गेला. आणि मग त्यांच्या उशाशी एक हात आला. वर न बघता मागे केलेला, तळवा वर. अंगठ्याजवळ पक्कड लागून राहिलेला जुना वण. त्या हाताला काय हवंय, हे मालनबाईंना न विचारता कळलं. आपल्या संसारात त्यांना ते कळलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

त्यांनी मूठ उघडली आणि पेन्सिल त्या तळव्यावर ठेवली. तळवा ऊबदार होता.

"जुनं आधी," त्या म्हणाल्या. "नव्याला हात लावायचा नाही."

बोटं पेन्सिलीवर मिटली. सान्वीच्या अंगावर चादर परत आली, नीट, गळ्यापर्यंत. पलीकडे पोपटरावांनी झोपेतच एक लांब, खोल श्वास घेतला, गेल्या कित्येक महिन्यांत घेतला नव्हता तसा.

मालनबाई कुशीवर होत्या. काम करणाऱ्याला सोपं जावं म्हणून त्या उताण्या झाल्या.